चिखलातून आलेली आरसी आणि पुढचा अर्धा तास

डब्यावरच्या ‘वॉटरप्रूफ’च्या स्टिकरने जितक्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या खेळातल्या गाड्यांची वाट लावलीय तितकी उड्या मारून किंवा भिंतीवर आपटून पण लागली नसेल, असं माझं ठाम मत आहे. लोक काय करतात, डबक्यातून गाडी मस्त पळवतात, पाणी उडतानाचे स्लो मोशन व्हिडिओ काढतात, घरी आले की गाडी तशीच कोपऱ्यात टाकतात, आणि पुढच्या वेळी बॅटरी लावली की चाकं खरखर करतात, स्टिअरिंग एका बाजूला अडकतं, मग म्हणायचं कंपनीने फसवलं. अहो फसवलं वगैरे काही नाही, वॉटरप्रूफ असतं ते इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी, चाकं वळवणारा सर्वो आणि रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरचा डबा, बास. बेअरिंगं, स्क्रू, हिंज पिना, ड्राइव्हशाफ्ट हे सगळं स्टील आहे आणि त्याला स्टिकरबद्दल काही माहिती नसते.

बरं त्या इलेक्ट्रॉनिक्सचं पण बघा. बऱ्याच ईएससीवर आयपी६७ लिहिलेलं असतं, त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवलं तरी आत पाणी जात नाही. पण ही टेस्ट साध्या, स्थिर पाण्यात होते, नवीन कोऱ्या पार्टवर. आपली गाडी जोरात डबक्यात शिरते तेव्हा पाणी सीलवर जोराने आदळतं, त्यात वाळू असते, आणि सील वर्षभर जुनं झालेलं असतं. अजून एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते, चालवून चालवून गरम झालेला सीलबंद डबा किंवा गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे पाण्यात घालायचीच असेल तर सुरुवातीलाच घाला, तापून लाल झाल्यावर गार करायला म्हणून डबक्यात उभी करायची आयडिया अजिबात चांगली नाही.

तर माझं म्हणणं इतकंच आहे की पाण्यात चालवून गाडी सहसा बिघडत नाही, ती बिघडते नंतर, ओल आत अडकून रात्रभर तशीच राहिल्यावर. मळकी पण कोरडी गाडी मला चालते, चकचकीत पण आतून ओली नको. खालचं सगळं त्याच हिशोबाने वाचा, गाडी शोरूमसारखी दिसावी म्हणून मी काहीच करत नाही.

सुरुवात मैदानावरच होते. शेवटचा पॅक संपला की बॅटरी लगेच काढायची, बॉडी काढायची, आणि गाडी उलटी आडवी करून चासीत, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्यात साठलेलं पाणी निथळू द्यायचं. चासी टबसारखी असते ना, त्यात पाणी बसून राहतं आणि गाडी घरी नेताना डुचमळत डुचमळत बरोबर नको तिथे जातं. शक्य असेल तर पाण्यातला खेळ आधी उरकायचा आणि शेवटची दोनचार मिनिटं कोरड्या जमिनीवर मध्यम वेगात चालवायची. नुसत्या फिरण्याने सांध्यांमधलं, चाकांमधलं बरंचसं पाणी उडून जातं आणि मोटर कोमट असली की ती स्वतःच थोडीफार वाळते. गाडीच्या पिशवीत एक मोठं फडकं आणि एक जुना पेंटब्रश कायम टाकून ठेवा, बाकी हत्यारं विसरलात तरी चालेल.

आता धुळीने भरलेली गाडी आणि चिखलाने भरलेली गाडी या दोन वेगळ्या केस आहेत, आणि लोक दोन्हीला सरसकट पाणी मारतात. कोरडी धूळ असेल तर पाण्याचा थेंब लावायचा नाही. आधी मऊ ब्रशने झटकायची, मग ब्लोअरने उडवायची. पाणी लावलंत की त्या धुळीचा चिखल होतो आणि जो मळ वरवर होता तो बेअरिंगच्या कडेला, शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्याला, पिनांच्या भोकात जाऊन बसतो, म्हणजे आपणच आपलं काम वाढवलं. याउलट ओला चिखल असेल तर तो ओला असतानाच धुवायचा, कारण चिकणमाती एकदा वाळली की दगड होते आणि मग ती खरवडताना वायरी ओढल्या जातात. चिखल सुकवून मग झटकणारे पण लोक आहेत, रेताड माती असेल तर ते जमतं, खोटं नाही, पण चिकण मातीला ते लागू होत नाही.

धुताना पाण्याचा जोर कमी ठेवायचा. बागेच्या पाइपची हलकी धार किंवा स्प्रेची बाटली आणि ब्रश, एवढं पुरतं. प्रेशर वॉशर नको म्हणजे नकोच, कारण त्याच्या जोराने पाणी सील ओलांडून थेट बेअरिंगच्या आत, चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या, म्हणजे डिफच्या आत जातं, बाहेरून गाडी एकदम नवी दिसते आणि आत पाणी भरलेलं असतं. वॉटरप्रूफ असली तरी ईएससी आणि रिसीव्हरच्या डब्यावर मी थेट धार मारत नाही, तिथे ब्रश आणि ओलं फडकं. चाकं काढून धुवा, कारण चाक ज्यावर बसतं त्या षटकोनी हेक्सच्या मागे आणि हबच्या आत जो गाळ साठतो तो चाक लावलेलं असताना दिसतच नाही. साबण म्हणून भांडी घासायचं साधं लिक्विड पाण्यात थोडंसं घातलं तरी पुष्कळ, पण नंतर नीट धुऊन काढायचं. कडक अल्कलाइन डिग्रीजर ॲल्युमिनियमच्या पार्टवर जास्त वेळ राहिलं तर अ‍ॅनोडायझिंगचा रंग फिका पडतो, ते निळे लाल पार्ट हौसेने लावलेले असतील तर जरा जपून.

बॉडीचं वेगळं आहे. ती पॉलिकार्बोनेटची असते, रंग आतल्या बाजूने मारलेला असतो, त्यामुळे बाहेरून घासलं तर रंग जात नाही पण चरे पडतात. कोमट पाणी, साबण, मऊ कापड, संपला विषय. ॲसिटोन, थिनर, ब्रेक क्लीनर, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड यातलं काही त्याच्या जवळ पण नेऊ नका, पॉलिकार्बोनेटला बारीक बारीक तडे जातात आणि पुढच्या पलटीला बॉडी कडेने फाटते, आणि तोवर तुम्ही काय लावलं होतं ते विसरलेले पण असता. चाकांना धरणाऱ्या सस्पेन्शनच्या आर्म्स बहुतेक नायलॉनच्या असतात, त्यांना पाण्याचं काही वाटत नाही, उलट नायलॉन थोडं पाणी पितं आणि जास्त चिवट होतं, म्हणून तर काही लोक नवीन आर्म्स मुद्दाम पाण्यात उकळून घेतात. म्हणजे आख्ख्या गाडीत पाणी ज्याला मानवतं असा निदान एक तरी पार्ट आहे.

धुऊन झालं की वाळवणं, आणि खरं काम इथे आहे. आधी फडक्याने टिपून घ्यायचं, मग ब्लोअर. छोटा बॅटरीवर चालणारा ब्लोअर मिळतो तो या छंदातली सगळ्यात कामाची वस्तू आहे, नसेल तर हेअर ड्रायर गार हवेवर. कॉम्प्रेसर असेल तर लांबून मारा आणि एक लक्षात ठेवा, हवेच्या धारेने बेअरिंग गरागरा फिरवायचं नाही, तो आवाज भारी येतो मान्य आहे पण वंगण नसलेलं बेअरिंग त्या स्पीडला फिरलं की आतल्या गोळ्या आणि खाचा खराब होतात. ब्लोअर मारताना स्क्रूच्या डोक्यातलं पाणी पण उडवा. मग गाडी दोन चार तास तरी उघडी ठेवायची, बॉडी न लावता, पंख्याखाली. लगेच बॅगेत भरून चेन लावली की आतली ओल तिथेच राहते, मग एवढी मेहनत कशाला केली.

आता बेअरिंग. यावर मी जास्त बोलणार आहे कारण पाण्यात चालणाऱ्या गाडीत सगळ्यात आधी जातात ती हीच, आणि लोकांना मोटर गेल्यावर कळतं. ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटर, १० बाय १५ बाय ४ मिलिमीटर असे साइज बऱ्याच गाड्यांत असतात, आणि सहसा ती क्रोम स्टीलची असतात. नावात क्रोम आहे म्हणून गंजणार नाही असं वाटतं पण त्यात क्रोमियम असतं दीड टक्क्याच्या आसपास, स्टील स्टेनलेस म्हणवून घ्यायला ते साधारण साडेदहा टक्के तरी लागतं. स्टेनलेसची बेअरिंगं मिळतात, महाग पडतात, ती पण गंजू शकतात पण खूप उशिरा. मी चाकांच्या हबमध्ये स्टेनलेस टाकतो, कारण पाण्याचा सगळा मार तिथे बसतो, आणि गिअरबॉक्सच्या आत साधी.

झाकण कुठलं आहे ते बघून घ्या. धातूचं झाकण असेल तर ते आतल्या रिंगला टेकत नाही, मधे बारीक फट असते, फिरायला हलकं पण पाणी आणि धूळ सरळ आत. रबर सीलवालं टेकतं, त्यामुळे किंचित जड फिरतं, पण घाण बाहेर ठेवतं. रेसिंगवाले काही म्हणोत, चिखलात चालवणाऱ्याने रबर सीलच घ्यावं, तो जो किंचित जडपणा आहे तो आपल्याला कधीही जाणवत नाही.

गाडी चिखलातून आली की चाक हाताने फिरवून बघायचं, बोटाला खरखर लागली तर बेअरिंग बाहेर काढायचं. रबर सील असेल तर बारीक कटरच्या टोकाने आतल्या कडेने हळूच उचलायचं, वाकवायचं नाही, धातूचं झाकण असेल तर त्याला एक बारीक तारेची रिंग अडकवलेली असते ती काढली की झाकण सुटतं, आणि ती रिंग उडते, म्हणून हे काम उघड्यावर न करता पारदर्शक पिशवीत हात घालून करा. मग छोट्या बाटलीत आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्यात बेअरिंग टाकून हलवायचं, काळं पाणी निघतं, ते ओतून परत एकदा, स्वच्छ निघेपर्यंत. पूर्ण वाळू द्यायचं, आणि मग वंगण. वेगात फिरणारं असेल, म्हणजे मोटरचं वगैरे, तर पातळ तेलाचे एकदोन थेंब, चाकाचं असेल तर ग्रीस, आणि पाण्यात जाणार असेल तर मरीन ग्रीस, कारण ते पाण्याने धुऊन जात नाही. धुऊन पण खरखर राहिली तर त्या बेअरिंगला नमस्कार करून फेकून द्या. अडकलेलं बेअरिंग नुसतं गाडी हळू करत नाही, मोटरवर लोड येतो, ती तापते, ईएससी तापतो, आणि बेअरिंग फाटलं तर हबचं भोकच मोठं होतं, मग पूर्ण हब बदला.

डब्ल्यूडी-४० बद्दल बोललं नाही तर लोक विचारतातच. हे १९५३ साली गंज रोखायला आणि पाणी हटवायला बनवलं गेलं, आणि त्या कामाला ते आजही मस्त आहे. धुतलेल्या गाडीच्या स्क्रूंवर, पिनांवर, ड्राइव्हशाफ्टवर फडक्याला लावून पुसा, सांध्यात हलका स्प्रे मारा, दहा मिनिटांनी जादाचं पुसून काढा. पण तो साधा निळा पिवळा डबा टिकाऊ वंगण नाही, बेअरिंगमध्ये मारलंत तर आतलं ग्रीस विरघळून वाहून जातं आणि काही दिवसांनी बेअरिंग कोरडं. त्यामुळे मारलं तर वर तेल घालणं आलंच. आणि तेलकट गाडी परत धुळीत चालवली की सगळी धूळ चिकटते, तेलात मुरलेली बारीक धूळ म्हणजे पॉलिश पेपरच की. म्हणून उघडे सांधे, ड्राइव्हशाफ्टची टोकं वगैरेंना मी ड्राय ल्यूब लावतो, टेफ्लॉनवालं, जे उडून जातं आणि मागे कोरडा थर ठेवतं. उघड्या पिनियन आणि स्पर गिअरला, म्हणजे मोटरवरच्या छोट्या आणि त्याला लागणाऱ्या मोठ्या गिअरला, ग्रीस अजिबात नको, एक खडा चिकटला की स्परचे दात गेले. जास्त जोर आला की घसरून गिअर वाचवणाऱ्या स्लिपर क्लचच्या पॅडवर तर स्प्रेचा शिंतोडा पण नको, तो कोरडाच काम करतो, तेल लागलं की गाडी जागेवर नुसती घुंई घुंई करते.

मोटर. ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे कार्बनचे ब्रश नसलेली, असेल तर निम्मी चिंता मिटली, पाणी आत गेलं तरी चालते, फक्त तिची दोन बेअरिंगं वाळवून तेल द्यायचं. सेन्सरवाली ब्रशलेस मात्र वेगळी, तिच्या आत मोटर किती फिरलीय ते ओळखणाऱ्या हॉल सेन्सरची छोटी सर्किटची पाटी असते, ती पाण्याने जाऊ शकते, तिला डबक्यापासून लांब ठेवलेलं बरं. ब्रशवाल्या मोटरला पाणी चालतं पण ओल्यात ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर दोन्ही भराभर झिजतात. काही लोक नवीन मोटर कमी व्होल्टेजवर पाण्यात बुडवून ब्रेक-इन करतात ते याच गुणाचा फायदा घेऊन, ब्रश लवकर घासून कम्युटेटरवर नीट बसतात. पण रोज पाण्यात म्हणजे रोज झीज. अशा मोटरला नंतर मोटर क्लीनर मारून, वाळवून, दोन्ही टोकांच्या बुशला एक एक थेंब तेल. थेंब म्हणजे थेंब, कम्युटेटरवर तेल गेलं की नवीन दुखणं. आणि मोटर किंवा ईएससीवरचा तो छोटा पंखा असतो ना, बहुतेक वेळा तो वॉटरप्रूफ नसतो, ईएससी असला तरी, म्हणून ओल्यात जायच्या आधी पंख्याचा कनेक्टर काढून ठेवा, पाण्यात तशी पण गरज नसते.

रिसीव्हरचा डबा सहसा कोणी उघडत नाही, पण अधूनमधून उघडावा. झाकणाची रबर रिंग स्वच्छ पुसायची, केस किंवा वाळूचा कण असेल तर तेवढ्या फटीतून पाणी जातं, मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यायचा, आणि वायरी बाहेर येतात तिथल्या फोमला जरा जास्त. आत ओल किंवा वाफ दिसली तर डबा रात्रभर उघडा ठेवा. अँटेनाची वायर तुटलेली, सोललेली नाही ना ते बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरला टोकाचा ३१ मिलिमीटरचा तुकडा तेवढा खरी अँटेना असते, तो कापला गेला तर रेंज जाते, आणि फाटलेल्या कव्हरमधून पाणी वायरीच्या आतून झिरपत झिरपत रिसीव्हरपर्यंत पण पोचतं. ज्यांची सर्किटची पाटी उघडी आहे ते तिच्यावर कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर मारतात, ते चांगलं आहे, फक्त कनेक्टरच्या पिना आणि बटण टेपने झाकून मारा. सर्वोचं म्हणाल तर धुतल्यावर ट्रान्समीटरवरून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, अडखळला किंवा उगाच थरथरला तर आत पाणी आहे, उघडून वाळवा, त्याच्यावर अजून एक पॅक चालवू नका.

बॅटरी. लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमरचा पॅक पुसून, खोलीच्या तापमानाला येऊ देऊन, कनेक्टर पूर्ण कोरडा झाल्यावरच चार्जरला. ओल्या कनेक्टरमध्ये हिरवट पावडर जमते, ती दिसली तर अल्कोहोल आणि ब्रशने काढा. पॅकचं कव्हर कुठे चिरलेलं असेल, आत चिखलाचं पाणी गेलेलं असेल किंवा पॅक फुगलेला असेल तर तो चार्ज करायचाच नाही, काटकसर दाखवायची जागा नाही ही. आणि चार्ज करणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून द्या.

डिफ आणि शॉक दर वेळी उघडायची गरज नाही. खोल पाण्यात गाडी गेली असेल तरच डिफ उघडा, आतलं सिलिकॉन तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं की पाणी शिरलंय, सगळं पुसून नवीन तेल भरा आणि गॅस्केट बदला. शॉकचं पण तसंच, दांड्यावर चिखल असताना गाडी दाबून बघायची सवय सोडा, तो चिखल ओ-रिंगमधून आत जातो, आधी दांडा पुसा मग दाबा.

टायरच्या आतला फोम पाणी पितो, आणि एका चाकात जास्त एका चाकात कमी असं झालं की गाडी वेगात थडथडते. रिमला किंवा टायरला भोकं असतील तर चाक काढून दाबत दाबत पाणी पिळून काढा, भोकं नसतील आणि टायर चिकटवलेले असतील तर ट्रेडच्या मधोमध एक दोन छोटी भोकं पाडा, पाणी फिरण्याच्या जोराने बाहेर पडतं. गाडी हातात धरून फुल थ्रॉटल देऊन वाळवायचा प्रकार मात्र करू नका, टायर फुगतात, डिफवर ताण येतो, आणि बोटं पण जवळच असतात.

समुद्राचं पाणी हा वेगळा विषय नाही, त्याचं उत्तर एका शब्दात आहे, नको. मीठ स्टेनलेसला पण सोडत नाही, आणि ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू असेल तर दोघांच्या मधे गंज अजून जोरात धरतो. चुकून लाट आलीच तर घरी जायची वाट न बघता लगेच गोड्या पाण्याने भरपूर धुवा, आणि बेअरिंगं त्याच दिवशी उघडा. किनाऱ्यावरची कोरडी वाळू पण खारट असते हे विसरायचं नाही.

नायट्रोवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांची गाडी मोटरऐवजी नायट्रो इंधनाच्या इंजिनावर चालते त्यांच्यासाठी थोडं, कारण माझा तो प्रांत नाही. इंजिनवर पाणी नको, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून मगच बाहेरून साफ करा, फोमचा एअर फिल्टर धुऊन परत तेल लावून बसवा, आणि दिवस संपला की टाकीतलं इंधन जाळून संपवून आफ्टर-रन ऑइल टाका, नाहीतर उरलेलं इंधन ओल ओढून घेतं आणि आतली बेअरिंगं गंजतात.

शेवटचं स्क्रूंचं. चिखल भरलेल्या स्क्रूच्या डोक्यात हेक्स ड्रायव्हर अर्धाच बसतो आणि कडा गोल होतात, म्हणून आधी टोकदार काहीतरी घालून डोकं उकरा, मग २ किंवा २.५ मिलिमीटरचा ड्रायव्हर शेवटपर्यंत बसवून फिरवा. गंजलेला स्क्रू परत लावू नका, नवीन टाका. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचं निळं थ्रेडलॉक धातूत जाणाऱ्या स्क्रूलाच, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला नाही, कारण त्याने काही प्लॅस्टिकला तडे जातात. हे सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर ठेवून, चाकं हवेत, बॅटरी लावून हळू थ्रॉटल द्या आणि ऐका. कुठल्या चाकातून आवाज येतोय ते एकेक चाक बोटाने थांबवायला जाऊ नका, बॅटरी काढा आणि मग हाताने फिरवून शोधा, आणि सापडलं की तेच बेअरिंग आधी उघडा.